रॅकेट हातात फिरतेय? आधी मूठ तपासा, मग पट्टी, मग पकड

"सर, रॅकेट फिरायलीय हातात. बघा की जरा."

परभणीत आमच्या सकाळच्या टेनिस कोर्टवर हे वाक्य वर्षातून दोनदा हमखास कानावर पडतं. एकदा गुढीपाडवा उलटला की, आणि एकदा श्रावण लागला की. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, सकाळी सातलाच तळहात ओले होतात. श्रावणात ऊन नसतं, पण हवेत इतका दमटपणा असतो की अंगावरचा घाम वाळत नाही आणि रात्रभर टांगून ठेवलेल्या रॅकेटची पट्टीही सकाळी ओलसरच लागते. दोन्ही वेळा तक्रार तीच आणि उपायही तोच: जुन्या पट्टीवर नवी ओव्हरग्रिप, म्हणजे वरची पातळ पट्टी, गुंडाळायची. दोन आठवडे बरं वाटतं, तिसऱ्या आठवड्यात रॅकेट पुन्हा फिरायला लागते.

मी स्वतः तीन उन्हाळे हेच केलं. नवी पट्टी, पुन्हा नवी पट्टी, शेवटी नवी रॅकेट. त्या नव्या रॅकेटनेही तेच केलं तेव्हा मात्र थांबलो आणि एकेक गोष्ट सुटी करून तपासली.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. आपण सगळ्यालाच 'ग्रिप' म्हणतो. दुकानदार विचारतो "ग्रिप कोणती?" तेव्हा त्याला मुठीचं माप हवं असतं. मित्र म्हणतो "ग्रिप बदल" तेव्हा त्याला पट्टी म्हणायचं असतं. प्रशिक्षक ओरडतो "ग्रिप बदल!" तेव्हा तो हाताच्या पकडीबद्दल बोलत असतो. तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळे बिघाड, आणि तिन्हींचं लक्षण एकच: रॅकेट फिरते. म्हणून या लेखात मी तीन शब्द वेगळे ठेवतो. मूठ म्हणजे दांड्याची जाडी. पट्टी म्हणजे त्यावर गुंडाळलेलं आवरण. पकड म्हणजे हात कुठे आणि कसा बसतो ते.

कधी फिरते, ते आधी बघा

पैसे खर्च करण्याआधी एक सकाळ नुसतं लक्ष ठेवा. पहिल्या दहा मिनिटांत, हात कोरडे असतानाच जोराच्या चेंडूवर फिरत असेल तर मुठीच्या मापावर संशय घ्या. सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या तासाने फिरायला लागत असेल तर दोष पट्टीचा. फोरहँड, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारलेला फटका, बिनतक्रार चालतोय, पण सर्व्ह करताना किंवा नेटजवळच तेवढी फिरते, असं असेल तर पकड तपासा.

आणि चौथी शक्यता, जिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही: चेंडू रॅकेटच्या जाळीच्या मध्यावर लागतच नाही. चेंडू कडेला लागला की रॅकेट वळणारच, मग तुमची मूठ कितीही बरोबर असो. हे तपासायला रॅकेटच्या तारांवर फळ्याचा खडू आडवा घासा आणि पंधरा-वीस चेंडू मारा. चेंडू लागेल तिथला खडू उडतो. डाग मधोमध असतील तर पुढे वाचा. डाग एका कडेला असतील तर आधी पायांकडे बघा. चेंडूपर्यंत वेळेवर पोहोचत नाही म्हणून हात लांबवून मारावं लागतंय, आणि त्याचं खापर मुठीवर फुटतंय.

मूठ: सूत मोजायचं

टेनिसच्या मुठीचं माप म्हणजे दांड्याचा घेर, इंचात. सगळ्यात बारीक साधारण ४ इंच, आणि तिथून प्रत्येक पायरी एक अष्टमांश इंचाची. आपल्याकडे गवंडी आणि फिटर अष्टमांश इंचाला 'सूत' म्हणतात. दहा एमएमची सळई म्हणजे तीन सूत, हे बांधकामावर पोराटोरांनाही माहीत असतं. टेनिसची मूठही अगदी सुतासुताने वाढते. ४ इंच म्हणजे शून्य नंबर. ४ इंच १ सूत म्हणजे एक नंबर. सव्वाचार इंच, म्हणजे ४ इंच २ सूत, हा दोन नंबर. ४ इंच ३ सूत हा तीन नंबर. साडेचार इंच हा चार नंबर, आणि त्यावर एक सूत गेलं की पाच. मिलिमीटरमध्ये हवं असेल तर दोन नंबर म्हणजे १०८ च्या आसपास आणि दर नंबराला साधारण ३ मिलिमीटरची वाढ. हा आकडा मुठीच्या बुडाशी, टोपीवर किंवा पट्टीच्या जरा वर छापलेला असतो. कुठे 'एल ३', कुठे 'जी ३', कुठे नुसतं '३', कुठे '४ ३/८'. सगळ्यांचा अर्थ एकच.

स्वतःच्या हाताचं माप घ्यायची रीत अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट निर्शल यांनी रूढ केली. हात सरळ पसरा, बोटं जुळवा. तळहातावर ज्या दोन आडव्या रेषा दिसतात, त्यांतली वरची, बोटांजवळची, ती हृदयरेषा आणि खालची ती मस्तकरेषा. हात दाखवायला बसल्यावर ज्योतिषी सांगतो त्याच या. अनामिका आणि मधल्या बोटाच्या फटीच्या रेषेत, मस्तकरेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत मोजपट्टी धरा. जे माप येईल तो तुमच्या मुठीचा घेर. सव्वाचार आलं तर दोन नंबर.

मोजपट्टी नसेल तर कोर्टवरच करता येईल अशी एक चाचणी आहे. खेळायच्या हाताने रॅकेट फोरहँडसारखी धरा. बोटांची टोकं आणि अंगठ्याखालची तळहाताची गादी यांच्यात एक फट राहते. तिच्यात दुसऱ्या हाताची तर्जनी घाला. अलगद आणि नेमकी बसली तर मूठ बरोबर. शिरतच नसेल, बोटांची टोकं गादीत रुतत असतील, तर मूठ बारीक. तर्जनी घालूनही जागा उरत असेल तर मूठ जाड.

पुष्कळांना वाटतं की बारीक मूठच फिरते आणि जाड मूठ घट्ट बसते. मीही तसंच समजत होतो, म्हणून तर पट्टीवर पट्टी चढवत गेलो. पण जाड मुठीला बोटांचा पूर्ण वेढा बसत नाही, हात अर्धवट मिटलेला राहतो, आणि जोराचा चेंडू आला की तीही तितकीच फिरते. वरून सर्व्हमध्ये मनगट मोकळं सुटत नाही ते वेगळंच. म्हणजे बारीक असो की जाड, शरीर एकच गोष्ट करतं: मूठ आवळून धरतं. आवळलेला हात लवकर थकतो, थकलेला हात सैल पडतो, आणि सैल हातात रॅकेट फिरते.

मी शेवटी शेजारच्या शिंप्याकडून मापाची टेप आणली आणि माझ्या रॅकेटचा घेर मोजला. विकत घेतली तेव्हा ती तीन नंबरची होती, म्हणजे १११ मिलिमीटर. टेप ११६ दाखवत होती. आणि माझ्या हाताचं माप होतं सव्वाचार, १०८. तीन जुन्या पट्ट्या एकावर एक बसलेल्या. एक ओव्हरग्रिप साधारण अर्ध्या सुताने घेर वाढवते, दोन पट्ट्या झाल्या की रॅकेट एका नंबराने जाड झालेली असते. मी पैसे खर्चून दरवर्षी स्वतःच्या हाताबाहेरची रॅकेट तयार करत होतो. म्हणून माप नेहमी पट्टी गुंडाळल्यानंतरचं घ्या. बुडावर छापलेला आकडा कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा असतो.

दोन मापांच्या मध्ये हात येत असेल तर लहान घ्या. जाडी वाढवता येते: ओव्हरग्रिपने अर्धं सूत, आणि दांड्यावर उष्णतेने आवळून बसणारी नळी चढवली तर एक पूर्ण सूत. कमी करणं अवघड. जुन्या लाकडी रॅकेटचा दांडा सुताराला रंधा मारून बारीक करता यायचा. आताच्या ग्रॅफाइटच्या रॅकेटींत ते करायला जाऊ नका. आणि उंची बघून माप ठरवू नका. रफाएल नदाल सहा फुटांहून उंच माणूस, पण त्याची मूठ सव्वाचार इंचांची, दोन नंबरची, म्हणून ओळखली जाते.

बॅडमिंटनवरून येणाऱ्यांसाठी

हा सापळा मराठवाड्यात मला फार दिसतो, कारण आपल्याकडे टेनिसला येणारी बहुतेक मोठी माणसं आधी बॅडमिंटन खेळलेली असतात. बॅडमिंटन हॉल जिल्ह्याच्या गावी असतो, टेनिस कोर्ट क्वचित.

आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्या एक ताई येतात. हात लहान. बॅडमिंटनला त्या वर्षानुवर्षं 'जी ५' वापरत होत्या, कारण बॅडमिंटनमध्ये आकडा वाढला की मूठ बारीक होते. टेनिसची रॅकेट त्यांनी घरबसल्या मागवली आणि त्याच हिशोबाने 'जी ४' निवडली. टेनिसमध्ये गणित उलटं चालतं, आकडा वाढला की मूठ जाड होते. योनेक्ससारखी एकच कंपनी दोन्ही खेळांच्या रॅकेटींवर तोच 'जी' छापते, त्यामुळे चूक व्हायला वेळ लागत नाही. ताईंच्या हातात साडेचार इंचांची मूठ आली, एखाद्या सहा फुटी माणसाला शोभेल अशी. दोन महिने त्या म्हणत राहिल्या, "माझ्या हातातच जोर नाही, काय करावं." हातात जोर भरपूर होता. कारखान्याची मूळ पट्टी काढून तिथे नुसती एक ओव्हरग्रिप गुंडाळून बघितली. जाडी कमी झाली खरी, पण दांडा टणक लागायला लागला आणि चेंडूचा हादरा थेट हातात येऊ लागला. शेवटी कोर्टवरच्या एका उंच काकांशी त्यांनी रॅकेट बदलून घेतली. काकांची दोन नंबरची त्यांच्याकडे, ताईंची चार नंबरची काकांकडे. त्या आठवड्यापासून दोघांच्याही रॅकेटी फिरायच्या थांबल्या.

बॅडमिंटनची सवय आणखी एक गोष्ट घेऊन येते: बोटांनी हलकं धरून ऐनवेळी मनगट झटकायचं. शटल पाच ग्रॅमचं असतं, टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा. तोच झटका इथे दिला की रॅकेट हातात वळते.

पट्टी: घाम, धूळ आणि स्कूटरची डिकी

पट्ट्या दोन थरांत असतात. दांड्याला चिकटलेली जाड मूळ पट्टी, आणि तिच्यावरची पातळ ओव्हरग्रिप. बदलायची वरची. पण खालचीही तपासायची असते, आणि आपण सगळे तिथेच चुकतो.

मूळ पट्टी वर्षा-दोन वर्षांत दबून पातळ होते, घाम पिऊन कुजते, मागचा गोंद सुटतो. मग वरची ओव्हरग्रिप कितीही नवी असली तरी दोन्ही पट्ट्या मिळून दांड्यावर सरकतात. हाताला वाटतं घामाने निसटली. प्रत्यक्षात हात आणि पट्टी घट्ट आहेत, दांडा आतल्या आत फिरतोय. खात्री करायची असेल तर ओव्हरग्रिप काढा, मूळ पट्टी मुठीत आवळा आणि दुसऱ्या हाताने रॅकेटचं डोकं वळवून बघा. पट्टी कणभर जरी सरकली तरी ती बदलायची वेळ झाली. बुडाची टोपी हलतेय का, तेही याच वेळी बघून घ्या.

गोंद लवकर सुटायचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे रॅकेट उन्हात तापलेल्या गाडीत किंवा दारात उभ्या स्कूटरला अडकवून ठेवणं. सकाळी खेळून माणूस तसाच ऑफिसला जातो, रॅकेटची पिशवी दिवसभर बंद गाडीत. ओल्या पट्ट्या आणि घामेजलेला टॉवेल स्कूटरच्या डिकीत. मे महिन्यात डिकीत हात घालून बघा, म्हणजे कळेल आत काय होत असेल. गोंद मऊ पडतो, पट्टी वाळून तडकते. माझ्या दोन मूळ पट्ट्या अशाच गेल्या. आता रॅकेट ऑफिसात टेबलामागे, पिशवीची चेन उघडी ठेवून उभी असते.

ओव्हरग्रिप कोणती? दोन जाती आहेत. एक चिकट: विल्सनची प्रो ओव्हरग्रिप किंवा योनेक्सची सुपर ग्रॅप या जातीच्या. नवी असताना हाताला छान धरतात. दुसरी कोरडी: टोर्ना ग्रिप ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली, निळसर रंगाची. ती घाम पिते, आणि ओली झाली की उलट जास्त धरते. पण झिजते लवकर.

माझं मत स्पष्ट आहे. पाडव्यापासून दिवाळीपर्यंत, ज्याच्या तळहाताला घाम येतो त्याने कोरड्या जातीची पट्टी वापरावी आणि ती लवकर लवकर बदलावी. दिवाळीनंतर थंडीत चिकट पट्टी. ज्यांचे हात मुळातच कोरडे, त्यांनी वर्षभर चिकटच ठेवावी. कोरड्या हातात कोरडी पट्टी घसरते. चिकट पट्टीचा शत्रू पाण्यापेक्षा आपली धूळ आहे. मुरमाच्या कोर्टवर चेंडू उचलून-उचलून हाताला जी बारीक माती लागते, ती पट्टीच्या चिकटपणावर बसते आणि आठ-दहा दिवसांत पट्टी गुळगुळीत होते. बोटाने दाबून बघा: बोट उचलताना पट्टीने किंचित धरलं नाही, तर ती संपली.

आणखी एक कारण मी बराच काळ ओळखलं नव्हतं: खोबरेल तेल. सकाळी डोक्याला तेल लावून तसंच कोर्टवर यायची आपल्याकडे सवय आहे. खेळता खेळता केसांवरून हात फिरतो, कपाळाचा घाम पुसला जातो, आणि तेल तळहातावरून पट्टीत जातं. तेल शिरलेली पट्टी कोरड्या जातीची असो की चिकट, काहीच करू शकत नाही. आमच्या एका दादांची तक्रार नुसतं तेल रात्री लावायला लागल्याने मिटली. उन्हापासून बचावाचं क्रीम लावत असाल तर हाताच्या पाठीला लावा, तळहात साबणाने धुऊन मगच रॅकेट उचला. आणि हाताला टाल्कम पावडर लावू नका. ती दोन मिनिटं कोरडं वाटवते आणि घाम मिसळला की साबणासारखी निसरडी होते. टेनिसपटू इव्हान लेंडल खिशात लाकडाचा भुसा ठेवायचा आणि सर्व्हच्या आधी हाताला लावायचा. आपल्यासाठी मनगटाला पट्टा आणि एक सुती पंचा पुरतो. पट्टा महत्त्वाचा, कारण तळहातावरचा बराचसा घाम दंडावरून आणि कोपरावरून ओघळत खाली आलेला असतो.

गुंडाळताना पहिलं काम: जुनी ओव्हरग्रिप काढून टाका. जुनीवर नवी अजिबात नको. दुसरं: नव्या पट्टीवर बऱ्याचदा एक पातळ पारदर्शक पापुद्रा असतो, तो सोलून काढा. तो तसाच ठेवून "ही पट्टी खराब निघाली" म्हणणारे मी तीनजण पाहिलेत. निमुळतं टोक बुडाशी ठेवून सुरू करा, पट्टीला हलका ताण द्या, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर सुतापेक्षा किंचित कमी चढवा. वेढे जास्त चढले की मूठ जाड, कमी चढले की फटी पडतात. कारखान्यातून रॅकेट उजव्या हाताच्या हिशोबाने गुंडाळून येते, त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्याने मूळ पट्टीच्याच दिशेने जावं. डावखुऱ्याने उलट दिशेने, नाहीतर वेढ्यांच्या कडा बोटांना अडकून उलटतात. वर चिकटपट्टीने बंद करा. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

पकड: आठ पैलू

गावाकडे सुतार कुऱ्हाडीला बाभळीचा दांडा बसवायचा ते मी लहानपणी बघत बसायचो. दांडा तो कधीच गोल ठेवायचा नाही, लंबगोल तासायचा. विचारलं तर म्हणायचा, "गोल केला तर पातं कुणीकडं हाय ते हाताला कसं कळावं?" टेनिसच्या मुठीला आठ पैलू असतात ते नेमके याचसाठी. डोळे चेंडूवर असताना रॅकेटचं तोंड कुठे आहे हे हाताला पैलूंवरून कळतं.

आणि म्हणूनच एकावर एक पट्ट्या चढवण्याचं खरं नुकसान जाडीपेक्षाही इथे होतं. प्रत्येक थराने पैलूंच्या कडा बोथट होतात. तीन पट्ट्यांनंतर अष्टकोनी दांडा जवळजवळ गोल झालेला असतो. हात कुठे बसलाय ते कळत नाही, पकड नकळत एका पैलूने सरकते, आणि आपल्याला वाटतं रॅकेट फिरली. माझ्या बाबतीत तेच होतं. तीन पट्ट्या सोलून एकच ठेवली त्या दिवशी पैलू पुन्हा हाताला लागले आणि निम्मा आजार तिथेच गेला.

पकड तपासायची तर रॅकेट अशी धरा की तारांची जाळी जमिनीला उभी राहील आणि बुडाची टोपी तुमच्याकडे असेल. सगळ्यात वरचा सपाट पैलू पहिला. तिथून उजव्या हाताने खेळणाऱ्याने घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजायचं, डावखुऱ्याने उलट. आता तर्जनीचा तळहाताजवळचा सांधा, जिथे बोट सुरू होतं तो, कुठल्या पैलूवर टेकतो तेवढं बघायचं. दुसऱ्या पैलूवर टेकला तर ती कॉन्टिनेंटल पकड. खिळा ठोकताना हातोडी धरतो तशी. सर्व्ह, स्मॅश (डोक्यावरून जोराने मारलेला चेंडू), व्हॉली (टप्पा पडण्याआधी मारलेला) आणि स्लाइस (कापून मारलेला) यांसाठी हीच. तिसऱ्यावर टेकला तर ईस्टर्न फोरहँड, हात मिळवल्यासारखी. चौथ्यावर सेमी-वेस्टर्न, पाचव्यावर वेस्टर्न. पहिल्या पैलूवर आला तर ईस्टर्न बॅकहँड.

फेडररचा फोरहँड ईस्टर्नच्या जवळचा होता, आजचे बहुतेक तरुण सेमी-वेस्टर्न धरतात. सिमेंटच्या कोर्टवर चेंडू खांद्याइतका उसळतो, तिथे चौथा पैलू सोयीचा. मुरमाच्या कोर्टवर पावसाळ्यानंतर चेंडू बसतो, तिथे तिसऱ्या पैलूवर गुडघ्याजवळचा चेंडू उचलणं सोपं जातं. नवशिक्याला मी तिसऱ्यापासूनच सुरू करायला सांगतो.

'फक्त सर्व्हला फिरते' म्हणणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे सर्व्हही फोरहँडच्याच पकडीने, तिसऱ्या किंवा चौथ्या पैलूवर, करत असतात. जाळी समोर दाखवत ढकललेला सर्व्ह. मनगटाला वळायला जागाच राहत नाही, म्हणून ऐनवेळी बोटं सैल करून हात स्वतःच जागा करून घेतो, आणि तेच फिरणं. दुसऱ्या पैलूवर जा. पहिले दहा दिवस चेंडू डावीकडे बाहेर जातील, डावखुऱ्यांचे उजवीकडे. जाऊ द्या. दहा दिवसांनी जुन्या पकडीकडे परत वळावंसं वाटणार नाही.

नेटजवळची तक्रार वेगळी. तिथे फोरहँडवरून बॅकहँडकडे पकड बदलायला वेळच नसतो, बदलता बदलता चेंडू येऊन आदळतो आणि हात अर्धवट उघडा सापडतो. नेटजवळ कॉन्टिनेंटलच ठेवा, बदलूच नका. मागच्या रेषेवर मात्र पकड बदलावी लागतेच, आणि ती मोकळ्या हाताने बदलायची. चेंडूची वाट बघताना डाव्या हाताने रॅकेटचा गळा धरा, भार त्या हातावर द्या, उजवा हात सैल सोडा. बाजू कळली की डाव्या हाताने रॅकेट फिरवून उजव्या हातात हव्या त्या पैलूवर द्यायची. म्हणजे रॅकेट फिरेल, पण तुमच्या मर्जीने.

फोड, घट्टे आणि कोपर

तळहात बघूनही बरंच कळतं. खुरपणी करणाऱ्या बायांच्या हाताला घट्टे असतात, नव्या माणसाच्या हाताला पहिल्याच दिवशी फोड येतात. टेनिसमध्येही सुरुवातीचे फोड आणि पुढे बोटांच्या मुळाशी होणारे घट्टे नेहमीचे. पण जुन्या खेळाडूला अचानक नव्या जागी फोड आला तर मूठ किंवा पकड बदलली आहे, असं समजा. अंगठ्याच्या आतल्या कडेला फोड म्हणजे रॅकेट हातात घसटतेय. पट्टी आणि माप दोन्ही बघा. करंगळीखाली, तळहाताच्या काठावर फोड म्हणजे हात फार खाली, टोपीच्या कडेवर चढलाय.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर मुठीवर सगळा दोष टाकू नका. अमेरिकेत २००६ साली महाविद्यालयीन खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात हाताच्या मापाची, त्यापेक्षा पाव इंच बारीक आणि पाव इंच जाड अशा तीन मुठी देऊन दंडाखालच्या स्नायूंचं काम मोजलं, आणि फारसा फरक दिसला नाही. खूप कडक पॉलिएस्टरच्या तारा, उशिरा मारलेला बॅकहँड, एकदम वाढवलेला खेळ, ही कारणंही तितकीच शोधावी लागतात. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर रॅकेट ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. कपाची कडा धरतानाही दुखतंय असं असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

मुलांसाठी वेगळं सांगायचं तर इतकंच: "पुढं कामी येईल" म्हणून दहा वर्षांच्या पोराच्या हातात मोठ्या माणसाची रॅकेट देऊ नका. मुलांच्या रॅकेटी १९ ते २६ इंच लांबीच्या येतात, मूठही त्या मानाने बारीक असते. शूज दोन नंबर मोठे घेतले तर पोरगं धडपडतं हे आपल्याला दिसतं, रॅकेट जाड घेतली तर ते फक्त म्हणतं, "बाबा, हात दुखायलाय."

माझ्या पिशवीत आता शिंप्याची टेप, कात्री, खडूचा तुकडा आणि दोन नव्या पट्ट्या कायम असतात. परवा एका काकांच्या रॅकेटवरून पाच पट्ट्या निघाल्या. सगळ्यात आतली दांड्याला चिकटून काळी पडली होती. घेर मोजला तर खाली मूठ निघाली दोन नंबरची, त्यांच्या हाताला अगदी बरोबर बसणारी.